थंडी-पावसात लांब पल्ल्याची धाव: आधी कोरडं राहायचा नाद सोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिलीच फुल मॅरेथॉन (४२ किमी), पावणेपाच ते पाच तास लागतील असा अंदाज, हवामान खातं म्हणतंय ५-६ अंश, दिवसभर पाऊस आणि वारा. कपाटात एक जाड अस्तरवालं रेन जॅकेट, एक फुल बाह्यांचा सुती टीशर्ट, दोन ड्रायफिट टीशर्ट आणि एक टाईट्स आहे. यातलं काय घालू म्हणजे शेवटपर्यंत कोरडं राहता येईल?

कोरडं राहता येणार नाही. हे आधीच सांगते म्हणजे पैसे वाचतील. पाच तास पावसात पळणारा माणूस भिजतोच, एकतर बाहेरून पावसाने नाहीतर आतून घामाने, आणि बहुतेक वेळा दोन्हीकडून. मी वीस वर्षं लांब पळतेय, त्यातली बरीच थंड ओल्या हवेत, आणि मला अजून असं जॅकेट मिळालेलं नाही ज्यातून चार तासांनी मी कोरडी बाहेर पडले. म्हणून प्रश्नच जरा फिरवून घ्या: भिजल्यावरही ऊब कशी टिकेल? आणि त्याहून महत्त्वाचं, माझा वेग पडला तर ऊब कशी टिकेल? कारण लोक कपडे घालतात ते पहिल्या दहा किलोमीटरच्या हिशोबाने, आणि गारठून बाहेर पडतात ते तिसाव्या किलोमीटरला. कपडे तुमच्या सगळ्यात हळू तासासाठी निवडायचे. बाकी सगळं मी जे लिहितेय ते याच एका गोष्टीभोवती आहे.

थोडा हिशोब बघा. ७० किलोचा माणूस ताशी १० किमीने पळतो तेव्हा तासाला साधारण ७०० कॅलरी जाळतो, आणि त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग नुसती उष्णता म्हणून बाहेर पडतो. म्हणजे सहाशेच्या आसपास वॉट, अंगातच एक छोटा हीटर चालू असल्यासारखं. नुसतं बसलेलं असताना हाच आकडा शंभरच्या आत असतो. आता तोच माणूस तिसाव्या किलोमीटरला पाय आखडले म्हणून चालायला लागला, की हीटर निम्म्याच्याही खाली येतो. पाऊस तोच, वारा तोच, अंगावरचे कपडे आता पूर्ण ओले, आणि भट्टी विझत आलेली. पाणी हवेपेक्षा जवळजवळ २५ पट जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे अंगाला चिकटलेलं ओलं कापड म्हणजे उष्णता बाहेर काढायला बसवलेला पंपच. वर वारा असेल तर विचारूच नका. ५ अंशात ताशी ३० किमीचा वारा असला तर उघड्या कातडीला ते शून्य अंशासारखं लागतं, आणि हा आकडा कोरड्या कातडीचा आहे, ओल्या कातडीची गत याहून वाईट.

म्हणून शून्याखालच्या कोरड्या बर्फाळ हवेपेक्षा मला ही २ ते ८ अंशांची पावसाळी हवा जास्त धोक्याची वाटते. कडक थंडीत माणूस आपोआप सावध असतो, बर्फ झटकला की पडून जातो. इथे आकडा बघून वाटतं की अरे पाच अंश म्हणजे काय, पळायला मस्तच. कोरडं असेल तर आहेच मस्त.

चीनमधल्या गांसूची गोष्ट पळणाऱ्यांना माहीत असतेच, तरी सांगते. २२ मे २०२१ ला तिथे १०० किमीची डोंगरी शर्यत होती, १७२ जण निघाले, वर चढल्यावर अचानक गारपीट, पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला, आणि २१ जण गारठून दगावले. त्यात देशातले नावाजलेले धावपटू होते. बरेचजण अर्ध्या चड्डीत आणि पातळ टीशर्टात होते आणि वारा अडवणारं जॅकेट सक्तीच्या सामानात नव्हतं. शहरातली मॅरेथॉन म्हणजे डोंगर नाही, दर काही किलोमीटरला माणसं असतात, त्यामुळे घाबरवायला सांगत नाहीये, पण इतकं तगडं अंगही वारा आणि पाणी एकत्र आल्यावर किती वेळ टिकतं हे त्यातून कळतं.

दुसरं उदाहरण जरा बरं आहे. २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन, हवा ५ अंशांच्या आसपास, समोरून वारा आणि धो धो पाऊस. मोठमोठे एलिट धावपटू मध्येच बाहेर पडले. बायकांमध्ये जिंकली डेझिरे लिंडेन, २:३९:५४ मध्ये, आणि तिने जॅकेट शेवटपर्यंत काढलं नाही, फिनिशची फीत जॅकेट घालूनच तोडली. जगातली एवढी वेगवान बाई, जिचा हीटर तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जोरात चालतो, ती पावणेतीन तासांच्या आत मोकळी होणार होती आणि तरी जॅकेट अंगावर ठेवलं. तुम्ही आम्ही त्याच पावसात जवळपास दुप्पट वेळ असणार. तेव्हा "धावताना जॅकेट घातलं तर लोक हसतील" वगैरे डोक्यातून काढून टाका.

आता माझीच फजिती सांगते, कारण त्यातून मी शिकले. एका रेसला अशीच हवा होती, मी पातळ हाफ टीशर्टवर एक वाऱ्याचं जॅकेट घातलं होतं. आठव्या किलोमीटरला मस्त गरम झालं, रस्त्यात ओळखीची एक जण उभी होती, तिच्या हातात जॅकेट देऊन टाकलं. कसली हलकी झाले म्हणून सांगू! अठ्ठावीसच्या पुढे गुडघा धरला आणि चालायला लागले. दहा मिनिटांत बोटं लाकडासारखी झाली. जेलचं (पळताना ताकदीसाठी खायच्या गोड चिकट लगद्याचं) पाकीट फाडता येईना, दातात धरून ओढलं तर दातच इतके वाजत होते की पाकीट निसटून चिखलात. मग लघवीला गेले तर टाईट्सची नाडी सुटेना. भिजून घट्ट झालेली गाठ आणि बधिर बोटं, त्या दारामागे मी अक्षरशः रडले हो. शेवटी बाहेर येऊन एका अनोळखी व्हॉलंटिअर बाईंना म्हटलं ताई, नाडी सोडा. त्यांनी बिचारीने सोडली, मग एका ब्लँकेटात गुंडाळून मला बसवलं आणि माझी रेस तिथे संपली. चूक थंडीची नव्हती, मी आठव्या किलोमीटरच्या माझ्यासाठी कपडे घातले होते आणि तिसाव्या किलोमीटरचं जॅकेट देऊन टाकलं होतं.

असो, आता कपड्यांकडे येऊ.

अंगाला लागून असलेला थर सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक सगळ्यात कमी लक्ष यालाच देतात. सुती नको, हे तर सगळेच सांगतात, पण का ते करून बघा. एक सुती आणि एक पॉलिएस्टर टीशर्ट बादलीत बुडवा, हाताने घट्ट पिळा आणि किचनच्या काट्यावर ठेवा. माझा सुती टीशर्ट पिळूनसुद्धा कोरड्या वजनाच्या दुपटीच्या पुढे भरला. हे सगळं पाणी तुम्ही अंगावर वागवणार आणि अंगाच्या उष्णतेने गरम करत बसणार. पॉलिएस्टर स्वतःच्या धाग्यात पाणी जवळजवळ घेत नाही, दोन धाग्यांच्या मधे जे अडकतं तेवढंच. मेरिनो लोकर वेगळ्या प्रकारे काम करते, ती आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा धाग्याच्या आत मुरवून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. पूर्ण भिजली की तीही जड होते आणि वाळायला वेळ लावते, पण ओली लोकर कातडीला त्या गारगार फडक्यासारखी चिकटत नाही. पाच तासांसाठी मी पातळ लोकर किंवा लोकर-पॉलिएस्टर मिक्स निवडते, अडीच-तीन तासांत मोकळं होणाऱ्याने साधं पॉलिएस्टर घातलं तरी चालेल. घरात जे आहे त्यात तुमचे ड्रायफिट चालतीलच, फक्त दोघांतला जास्त घट्ट बसणारा घ्या. घट्ट म्हणजे श्वास अडकेल असा नाही, पण काखेत आणि पोटावर कापड अंगाला लागलेलं हवं. ढगळ कापड ओलं झालं की दर पावलाला अंगावरून उठतं आणि परत थंड होऊन आपटतं. पाठीवर कुणी ओलं फडकं मारतंय असं वाटत राहतं, ज्याने अनुभवलंय त्याला कळेल.

याखाली घालायला एक मजेशीर चीज आहे, जाळीची बनियन. दिसायला मासळीच्या जाळ्यासारखी, आणि लोक बघून हसतात. मोठमोठी भोकं असल्याने वरचा ओला थर कातडीपासून जरासा दूर राहतो आणि त्या भोकांत हवा धरून राहते. तुम्हाला पहिल्याच रेसला याची गरज नाही, पण पुढे या हवेत वारंवार पळणार असाल तर घेऊन बघा, मला जाड स्वेटशर्टपेक्षा याचा फरक जास्त जाणवला.

मधला थर? पळणाऱ्याला बहुधा लागत नाही. ५ अंशात फ्लीस (लव असलेलं मऊ उबदार कापड) घालून पळालात तर पहिल्या तासात घामाने डबडबाल आणि उरलेले चार तास तो घाम तुमचा गारठा करेल. त्याऐवजी आर्म स्लीव्ह म्हणजे नुसत्या सुट्या बाह्या घ्या, वर-खाली सरकवता येतात, काढून खिशात मावतात.

आता जॅकेट. इथे गैरसमज फार. वॉटरप्रूफ आणि श्वास घेणारं म्हणून जे विकतात त्यात आतली वाफ बाहेर जाते ती आत जास्त दमटपणा आणि बाहेर कमी दमटपणा या फरकावर. धो धो पावसात बाहेरची हवा आधीच ओलसर, त्यात जॅकेटचं वरचं कापड भिजून पाण्याचा पडदा तयार झाला की वाफ जाणार कुठे? आतल्या बाजूला थेंब धरतात आणि लोक म्हणतात जॅकेट गळतंय. बहुतेक वेळा जॅकेट गळत नसतं, तो तुमचाच घाम असतो. वरच्या कापडावर जो पाणी झटकणारा लेप असतो तो मळाने आणि वापराने मरतो. थेंब मोत्यासारखे घरंगळत असतील तर लेप जिवंत आहे, कापड गडद होऊन पाणी पसरत असेल तर जॅकेट नीट धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, आणि लेबलवर चालतं असं लिहिलं असेल तर ड्रायरमध्ये मंद उष्णतेवर फिरवा. बऱ्याचदा तेवढ्यानेच लेप परत जागा होतो. मी स्वतः दोन वर्षं एका चांगल्या जॅकेटला शिव्या घातल्या आणि ते फक्त मळकं होतं.

मग जॅकेट घालायचंच कशाला, तर वाऱ्यासाठी. ओलं अंग परवडतं, ओल्या अंगावर वारा परवडत नाही. कापडाच्या आत अडकलेलं पाणी शरीराच्या उष्णतेने कोमट होतं, आणि वारा ते कोमट पाणी सतत उडवून नेत नसेल तर माणूस ओला असूनही उबदार राहतो. त्यामुळे वेगात पळणाऱ्याला नुसतं पातळ वाऱ्याचं जॅकेट पुरतं. तुमच्यासारख्या पाच तासवाल्याला ५ अंशात दिवसभर पाऊस असेल तर मी हलकं वॉटरप्रूफच सांगेन, शिवणी आतून पट्टीने बंद केलेलं, टोपीवालं. डोंगरातल्या मोठ्या अल्ट्रा रेसेसमध्ये (मॅरेथॉनपेक्षा लांब शर्यती) सक्तीच्या जॅकेटला १०,००० मिमी पाण्याचा दाब झेलण्याची अट असते, रस्त्यावरच्या रेसला एवढी अट नाही पण विकत घेताना तो आकडा डोळ्यासमोर ठेवायला बरा. पुढे पूर्ण चेन हवी, अर्धी नको, कारण चेन हीच तुमची खिडकी आहे. गरम झालं की जॅकेट काढायचं नाही, चेन खाली करायची. तरी गरम होतंय? हातमोज्यांचं वरचं कव्हर काढा. मग बाह्या वर करा. एवढं करूनही उकडत असेल तरच काढा आणि कमरेला बांधा किंवा पट्ट्यात खोचा, पण कुणाला देऊ नका (वर वाचलंत ना माझं काय झालं ते).

एक बारीकशी गोष्ट जी कुणी सांगत नाही: बिब नंबर (रेसमधल्या तुमच्या क्रमांकाचा कागद) टीशर्टला पिनांनी लावू नका, कमरेच्या नंबर बेल्टला लावा. टीशर्टला लावला की जॅकेट बंद केल्यावर तो झाकला जातो, मग लोक जॅकेटलाच पिना टोचतात, म्हणजे महागाच्या वॉटरप्रूफला चार भोकं आणि वर ते काढायची सोयही गेली.

तुमचं ते अस्तरवालं जाड जॅकेट घालू नका. ते उभं राहायला किंवा रस्त्याने चालायला चांगलं. पळताना त्याचं अस्तर घाम पितं, तासाभरात ते किलोभर जड वाटायला लागेल आणि आत सॉना होईल. एखाद्या पळणाऱ्या मित्राकडून हलकं मागून आणा, एका रेससाठी उसनं मागायला लाज कसली.

पायांबद्दल फार लिहीत नाही. मांड्यांचे स्नायू मोठे आहेत आणि तेच काम करतायत, ते स्वतःला गरम ठेवतात. ५ अंश आणि वाऱ्यात पातळ टाईट्स घाला, ढगळ ट्रॅक पँट नको, भिजली की खाली ओघळते आणि दर पावलाला ओढावी लागते. समोरून वारा असेल तर मांड्यांचा पुढचा भाग आणि गुडघे बधिर होतात, तिथे टाईट्सचा फायदा. कमरेला नाडी असेल तर गाठ मारू नका, सुरगाठ ठेवा, दोन मोठे फास बाहेर लोंबते ठेवून. कारण वर आलेलंच आहे.

पावलांना कोरडं ठेवायचा तर विचारच सोडा. वॉटरप्रूफ बूट खालचं पाणी अडवतात पण पाऊस पायावरून ओघळत घोट्यातून आत शिरतो आणि मग बाहेर पडायला जागाच नसते, तुम्ही दोन बादल्या पायात घालून पळता. साधे जाळीचे बूट घ्या, पाणी येतं आणि दर पावलाला पिळून बाहेर जातं. मोजे पातळ लोकरीचे, जाड नकोत, जाड मोजा भिजला की बुटात जागा उरत नाही आणि बोटं दाबली जाऊन रक्त कमी फिरतं, म्हणजे जाड मोज्याने पाय उलट जास्त गार. पाच तासांत तळव्यांची कातडी पांढरी सुरकुतते, बोटांच्या बेचक्यात चिखल्यांसारखं होतं, तिथेच फोड येतात. आदल्या रात्री नाही, त्याच सकाळी तळव्यांना आणि बोटांच्या मधे व्हॅसलिनचा जाड थर द्या, कातडीत पाणी कमी मुरतं. आणि डबकी चुकवायला नागमोडी पळू नका, पाचशे मीटरनंतर सगळ्यांचेच पाय भिजलेले असतात.

हातांवर मात्र मी रेंगाळणार आहे. शरीर गार पडायला लागलं की रक्त आधी हातापायांतून आत ओढून घेतं, बोटं ही पहिली बळी. आणि बोटं गेली की सगळंच जातं, चेन वर-खाली होत नाही, जेल फाडता येत नाही, बाटली उघडत नाही, मग खाणं थांबतं, मग वेग पडतो, मग हीटर विझतो. म्हणजे बारीकशा गोष्टीतून मोठं लफडं. पळता पळता गार झालेले हात परत गरम करणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे सुरुवातीपासून गरम ठेवायचे. माझी पद्धत अशी: सगळ्यात आत नायट्राइलचे पातळ हातमोजे, डॉक्टर घालतात ते, वाऱ्याला आणि पाण्याला पक्के. त्यावर पातळ लोकरीचे किंवा फ्लीसचे. पाऊस जोरात असेल तर त्यावर बोटं नसलेलं, नुसत्या अंगठ्याचं पातळ वॉटरप्रूफ कव्हर. ते नसेल तर जेवणाच्या डब्याला वापरतो तसल्या पातळ पिशव्या घालून मनगटाला रबर, दिसायला वेडपट पण चालतं. आतला हात घामाने ओला होईल, होऊ द्या, तो घाम कोमट राहतो. पाच बोटांचा ओला हातमोजा एकदा काढला की परत जात नाही, बोटांची नळकांडी आत उलटी होतात आणि तुम्ही पळता पळता त्याच्याशी कुस्ती खेळत बसता, म्हणून काढायचेच झाले तर वरचं कव्हर काढा, आतलं राहू द्या. ज्यांची बोटं थोड्या थंडीतही पांढरीफटक पडतात त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून घ्या आणि हातमोजात बसणारे उबेचे पॅक ठेवाच.

जेलची पाकिटं सुरू व्हायच्या आधीच कोपऱ्यात कात्रीने निम्मी कापून ठेवा, म्हणजे नुसतं पिरगाळलं की उघडतात. आणि पुढच्या खिशात ठेवा, पाठीमागचा खिसा जॅकेटखाली गेलेला असतो.

डोक्यासाठी पुढे चोच असलेली कॅप घ्या आणि जॅकेटची टोपी तिच्यावरून, म्हणजे पाणी डोळ्यांत जात नाही आणि टोपी मान वळवल्यावर डोळ्यांवर येत नाही. चष्मेवाल्यांना तर कॅपशिवाय काही दिसणारच नाही. कानांवर लोकरीची पट्टी किंवा बफ (गळ्यात-डोक्यात घालायची कापडी नळी). शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते असं जे सांगतात ते खरं नाही, डोक्याचा जेवढा पृष्ठभाग आहे साधारण त्या मानानेच जाते, दहा टक्क्यांच्या आसपास. पण कान ठणकायला लागले की माणूस चिडचिडा होतो, तेवढ्यासाठी तरी झाका.

घासण्याबद्दल: कोरड्या दिवशी ज्या जागी कधी काही झालं नाही तिथे ओल्या दिवशी सोलवटतं. काखा, मांड्यांची आतली बाजू, बायकांना ब्राचा खालचा पट्टा, पुरुषांना स्तनाग्रं (पांढऱ्या टीशर्टवर रक्ताचे दोन ओघळ घेऊन फिनिशला येणारे दर पावसाळी रेसला दिसतात). क्रम लक्षात ठेवा, आधी कोरड्या कातडीवर टेप, मग बाकी ठिकाणी व्हॅसलिन. उलटं केलंत तर टेप तिसऱ्या किलोमीटरला टीशर्टच्या आत लोंबत असेल. फिनिशनंतर आंघोळीचं पाणी अंगावर पडेल तेव्हा कुठली जागा राहिली ते बरोब्बर कळतं.

खरा घात मात्र बहुतेकांचा पळायच्या आधीच होतो. सुरुवातीच्या रेषेवर पाऊण-एक तास उभं राहायचं असतं, हीटर बंद, पाऊस चालू. तिथेच भिजलात आणि काकडलात तर पहिले पाच किलोमीटर नुसतं गरम व्हायला जातात, कधीकधी तेवढंही होत नाही. कचऱ्याची मोठी काळी पिशवी घ्या, डोक्यापुरतं भोक पाडा, हातांना भोकं पाडू नका, हात आतच राहू द्या. खाली जुना स्वेटर जो सोडून द्यायला दुःख होणार नाही. पळायचे बूट-मोजे पिशवीत बांधून न्या आणि जुने बूट घालून उभे राहा, बोलवायला लागले की बदला. निदान कोरड्या पायांनी निघाल्याचं समाधान. पहिला किलोमीटरभर ती पिशवी अंगावर ठेवली तरी चालेल, मात्र काढून रस्त्यात टाकू नका, मागून येणाऱ्याचा पाय तिच्यावरून सटकतो, कडेच्या डब्यातच.

आणि निघाल्यावर पहिली दहा मिनिटं तुम्हाला जरा गारच वाटायला हवं. थर्मामीटर दाखवतो त्यापेक्षा साधारण दहा अंश जास्त आहे असं धरून कपडे घाला असा जो नियम सांगतात तो कोरड्या हवेत चांगला लागू पडतो. पाऊस आणि वारा दोन्ही असतील आणि वेग बेताचा असेल तर मी तो दहाचा पाच करते.

खाण्याकडे दुर्लक्ष नको. कुडकुडणं म्हणजेही स्नायूंचं कामच, त्यालाही साखर लागते, म्हणजे थंडीत ती पळण्यात आणि कुडकुडण्यात अशी दोन्हीकडे जाते. थंडीत तहान कमी लागते पण लघवी जास्त लागते, त्यामुळे तहान नाही म्हणून पाणी टाळू नका, घोटघोट घेत राहा.

थांबायचं कधी ते कळायला हवं. नुसती हुडहुडी भरली, दात वाजतायत, तर जॅकेट बंद करा, काहीतरी गोड खा, जमेल तेवढं पळत राहा. पण बोलताना शब्द तोंडातल्या तोंडात राहायला लागले, सपाट रस्त्यावर अडखळताय, साधी चेन जमत नाही, उगाच सगळ्यांवर चिडचिड होतेय, तर पुढच्या मदत केंद्रावर आत जा, आणि हे स्वतःला कळत नाही म्हणून बरोबरच्याला सांगून ठेवा की माझ्यावर लक्ष ठेव. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि ३२ च्या आसपास कुडकुडणंच थांबतं. गारठलेला माणूस अचानक शांत झाला, "आता बरं वाटतंय" म्हणाला, तर तो बरा झालेला नसतो, त्याला ताबडतोब डॉक्टर पाहिजे.

फिनिशनंतरची दहा-पंधरा मिनिटं तेवढीच महत्त्वाची, कारण हीटर एकदम बंद होतो आणि तुम्ही मेडल, फोटो करत उभे असता. ती चमचमती फॉइल देतात ती घ्या, पण ओल्या कपड्यांवर ती फक्त वारा थोडा अडवते. ओलं उतरवणं हाच उपाय. आधी वरचं सगळं, बायकांनी ब्रासुद्धा, ती ओली राहिली तर वर तीन स्वेटर घातले तरी छातीत गारठा राहतो. मग कोरडं आणि टोपी, मग खालचं, बूट शेवटी. सामानाच्या बॅगेत कपडे याच क्रमाने, जे आधी घालायचं ते वर, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. बटणांचा शर्ट ठेवू नका, बटणं लागणार नाहीत. एक माप मोठं आणि पुढून चेन उघडणारं ठेवा कारण हात डोक्याच्या वर जात नाहीत आणि दमट अंगावर घट्ट कपडा चढत नाही. पायात सरकवायच्या चपला. बधिर हातपाय हीटरला किंवा कढत पाण्याला लावू नका, चटका बसलेला कळत नाही.

तर तुमच्या कपाटातून: घट्ट ड्रायफिट, टाईट्स, मागून आणलेलं हलकं जॅकेट, आणि विकत घ्यायचंच तर हातमोजे, कॅप आणि पातळ लोकरी मोजे. पण रेसच्या आधी एकदा याच सगळ्या अवतारात पावसात दीड-दोन तास पळून बघा. पाऊस नसेल तर बाथरूममध्ये कपड्यांसकट शॉवरखाली उभे राहा आणि तसेच बाहेर पडा, शेजारी बघतील, बघू देत. त्यातली शेवटची वीस मिनिटं मुद्दाम चाला. चालताना कुठे गार लागतं ते नीट बघून ठेवा, तीच तुमची तिसाव्या किलोमीटरची जागा.

आणि तो फुल बाह्यांचा सुती टीशर्ट फेकू नका, तो कचऱ्याच्या पिशवीखाली घालून सुरुवातीच्या रेषेवर उभे राहायला अगदी फर्स्टक्लास आहे.